एका जोडव्याची चांदी

लहू पहिल्यांदा आला तोच नको ते दार उघडून.

"उघडू नका, फिल्म आहे—" बकुळा आतून म्हणेपर्यंत ऊन आत शिरलं होतं. डार्करूम कसली, लालबागच्या त्या दातांच्या दवाखान्यातली जुनी मोरीच ती, खिडकीला काळा कागद लावलेली. सुंदराबाईंच्या दाढेचा एक्स-रे ट्रेमध्येच काळाठिक्कर पडला. दारात निळा कॅन घेतलेला एक उंच मुलगा उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"सॉरी हां... फिक्सर न्यायला आलोय. आधी मामा यायचे ना, आता मी."

"मामा दार वाजवायचे," बकुळा म्हणाली.

सुंदराबाईंना परत खुर्चीत बसावं लागलं. "पुन्हा फोटो? माझी दाढ काय सिनेमात घेताय?" त्या करवादल्या. बकुळानं हसू दाबलं. त्यानंही दाबलं, आणि नेमकं तेव्हाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

फिल्म धुऊन धुऊन फिक्सरचं पाणी जुनं झालं, की फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते. लहूचे मामा वडाळ्याच्या शेडमध्ये ती काढायचे. महिन्याकाठी कॅन भरला की बकुळानं फोन करायचा.

"ह्या घाण पाण्यात चांदी?" तिनं विचारलं.

"असते की. दिसत नाही म्हणून काय नसते?" लहू म्हणाला. पण तो कॅनकडे बघत नव्हता. बकुळानं उगाचच नळ सोडला.

पुढच्या खेपेपासून तो दार वाजवू लागला. ती आत लाल दिव्याखाली फिल्म हलवत असायची आणि तो बाहेर दाराला टेकून. खाली मसाला कुटायच्या डंकावरून मिरच्यांचा खाट वर यायचा, तो शिंकायचा आणि ती आतल्या आत हसायची. मधे बंद दार असलं की माणसाला किती सुचतं बोलायला...

"अजून किती वेळ?"

"फिल्मला घाई चालत नाही."

"मला कुठं घाई आहे?"

पण महिना फार मोठा असतो हो. दिवाळीनंतर एवढं थांबणं बकुळाला सोसेना. मग ती फिक्सर चांगलं असतानाच कॅनमध्ये ओतू लागली. कॅन भराभर भरू लागला आणि लहू वरचेवर येऊ लागला. राजाराम डॉक्टरांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं. "बकुळा, हल्ली फिक्सर पितेस की काय तू?" ती कावरीबावरी झाली. तिनं एवढे उद्योग करूनही लहू बोलायचा ते गाण्यांचं, पावाच्या गाडीचं, मामांच्या गुडघ्याचं. जे ऐकायला तिचा जीव टांगणीला लागला होता, तेवढं सोडून सगळं.

आणि मग ते यंत्र आलं.

गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले होते. टॉवरातल्या पेशंटना आपली दाढ कॉम्प्युटरवर बघायची होती. वायर लावलेली चपटी वडीसारखी वस्तू तोंडात ठेवायची, बटण दाबायचं, की पापणी लवेपर्यंत दात पडद्यावर. फिल्म नाही, ट्रे नाही, फिक्सर नाही. "बघ, थांबणं संपलं," डॉक्टर लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले. बकुळा हो म्हणाली. फिक्सर नाही तर लहू कशाला येईल?

डार्करूम रिकामी करायची होती. जुन्या फिल्म बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलेल्या होत्या. कितीतरी पाकिटांवर गिरणी कामगारांची नावं होती. संपात गावाला गेलेली ती माणसं उरलेला दात भरायला परत आलीच नव्हती. एका पाकिटावर तिच्या बाबांचंही नाव होतं. "भंगारात दे सगळं," डॉक्टर म्हणाले, "आणि त्या मुलाला शेवटचा कॅन घेऊन जायला सांग."

फोन करायला तिनं आठवडा लावला.

दार सताड उघडं होतं, आत साधा बल्ब लागला होता. तरी लहूनं चौकटीवर टकटक केलं.

"आता वाजवायला नको," बकुळा म्हणाली. "हा शेवटचा."

त्यानं कॅन उचलला, जरासा हलवला. "हाही तसाच असणार."

"तसाच म्हणजे?"

"दिवाळीपासून कोरं फिक्सर ओततेस तू, बकुळा. एवढ्या पातळ पाण्यातून चांदी हाताला लागत नाही."

तू म्हणाला... आणि नावानं. तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. "मग आधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू नीट वापरलं असतंस. मग मला महिनाभर थांबावं लागलं असतं."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक जोडवं होतं, साधं, नक्षी नसलेलं.

"दिवाळीआधीची इथली चांदी मी वेगळी ठेवली होती. दोन करायची होती, पण एकाचीच निघाली. दुसऱ्याची चांदी तू पाण्यात घालवलीस." तो हसला. "म्हणून बोलायचं राहिलं. एक जोडवं घेऊन काय विचारणार?"

बकुळाला रडू येत होतं आणि हसूही. तिनं जोडवं क्षणभर मुठीत धरलं, मग पुन्हा पुडीत बांधून त्याच्या खिशात टाकलं. लहूचा चेहरा उतरला. ती वळली आणि बिस्किटांचे डबे ओढून त्याच्यापुढे ठेवले.

"या फिल्ममध्ये चांदी असते ना?"

"असते."

"मग दुसऱ्यापुरती यातून काढा. एकटं जोडवं कुणी ठेवून घेत नाही. आणि जोडवी दवाखान्यात देत नाहीत. दोन्ही झाली की मामांना घेऊन घरी या. यात आमच्या बाबांची दाढही आहे, बाबांना तेवढं सांगा."

लहूनं डबे छातीशी धरले. "वेळ लागेल गं."

"लागू दे," बकुळा म्हणाली. "मला फिल्मची सवय आहे."

बाहेरून डॉक्टरांनी हाक मारली. पडद्यावर कुणाची तरी दाढ केव्हाची येऊन थांबली होती.