गाळलेले पाऊल

रिसोडहून रिठदकडे निघाले, की वस्ती विरळ होता होता उजव्या हाताला पत्र्याचे एक लांबट गोदाम लागते. हंगामात ते सोयाबीनच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलेले असते. उन्हाळ्यात मालक आम्हाला ते सकाळपुरते वापरू देतो. तेथे मी कराटे शिकवतो. पोटासाठी मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि जुन्या गद्यावर माझी निष्ठा आहे. पुष्कळांना हा मेळ चमत्कारिक वाटतो, मला मात्र त्यात विसंगत असे काहीच दिसत नाही. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करायच्या. समोर कोणी नसताना, चहूकडून माणसे अंगावर येत आहेत असे मानून, एकट्याने लढायचे. चांगले वाक्य एकही शब्द जागचा हलू देत नाही, तसाच काताही. माझे मत असे, की माणूस भ्याला म्हणजे त्याची बुद्धी सर्वांच्या आधी पळून जाते. मागे उरते ते केवळ घोटलेले. म्हणून घोटायचे, आणि जसेच्या तसे घोटायचे.

धनराजला हे कधी पटले नाही. तो गावालगत वांगी, टोमॅटो आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतो. त्याची मुलगी सुचिता ही माझी सर्वांत तयारीची विद्यार्थिनी. तिला मोटारसायकलवरून सोडायला आला, की दाराशी पाय टेकवून तो मला डिवचल्याखेरीज जात नसे.

"मास्तर, पोट्टी नुसती हवेले मारून राह्यली. हवा कधी उलटून मारते काय?"

"हवेपुढे ज्याचा हात चुकत नाही, त्याचा माणसापुढेही चुकत नाही."

"अरे बाप! तुमच्यासंग बोलाचं म्हणजे वकीलच लावा लागते."

"बाबा, जा नं आता," सुचिता म्हणायची. "वांगे सुकून राह्यले तिकडं."

यंदा अकोल्याच्या स्पर्धेत तिचे गुण कापले गेले. काता पूर्ण नाही, एक पाऊल आणि एक ठोसा गाळला आहे, असे पंचांचे म्हणणे पडले. मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला आणि हरलो. कारण इतर जिल्ह्यांतली सगळी मुले ते पाऊल टाकत होती. डाव्या अंगाने मागे वळायचे, खालून येणारी लाथ मनगटाने अडवायची, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा. आमच्याकडे वळायचे, अडवायचे आणि लगेच दुसरी दिशा धरायची. आमचे गुरू, सैन्यातून निवृत्त झालेले भगवंतराव, हयातभर याच गोदामात असेच शिकवत आले. त्यांच्यामागे मीही तसेच शिकवले.

परतल्यावर मी गोदामात त्या जागी उभा राहिलो, तेव्हा उलगडा झाला. जिथे ते पाऊल पडायला हवे, तिथे छताला आधार देणारा लोखंडी खांब आहे. भगवंतरावांनी खांबापुरती सवलत घेतली होती. आम्ही त्या सवलतीलाच परंपरा समजलो. पोथीच्या कागदाला भोक म्हणून एखादा लेखक तेवढी जागा सोडून लिहितो आणि पुढचे नकलाकार ते भोक नसतानाही तीच ओळ गाळत जातात, तसे हे झाले होते. दोषाचे मूळ सापडल्याचा मला आनंदच झाला.

"म्हणजे सर, त्या बाजूच्याले आपण नुसतं अडवतो," सुचिता खांबाकडे पाहत म्हणाली. "इतके वर्सं झाले, त्याले मारलं कोनंच नाई."

"त्या बाजूला कोणी नाही. ती कल्पना आहे."

तिने डावी बाही वर सारून हात पुढे केला. मनगटापासून कोपराच्या दिशेने निळसर काळा वळ उमटला होता.

"खांबाला लागला असेल."

ती जागेवर गेली, वळली आणि तिने अडवले. तिची मूठ आणि खांब यांच्यामध्ये एक माणूस सहज उभा राहील एवढी जागा उरली.

त्याच आठवड्यात गोदामातली उरलीसुरली पोती उचलली गेली होती आणि फरशीवर भुशाची पिठासारखी धूळ साचली होती. परीक्षांमुळे बाकीची मुले येत नव्हती. मी खराट्याने धूळ सारखी केली, दार आतून लावले आणि सुचिताला काता करायला सांगितला. मी भिंतीशी उभा राहून डोळे न मिटता पाहत होतो. ती एकटीच होती. पत्र्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे पडले होते आणि तिच्या हालचालींनी उडालेली धूळ त्यांत फिरत होती.

मग मी पावले पाहिली. तिची सगळी नेमकी होती. खांबापाशी मात्र, तिच्याकडे बोटे करून, आणखी दोन पावले होती: अनवाणी, रुंद, बोटे फाकलेली, एक पुढे आणि एक मागे. मागच्या पावलाची टाच दिसत नव्हती. ती खांबाखाली गेली होती.

हमालांची असतील, असे मी म्हणालो. धूळ मीच सारखी केली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच पुन्हा केले. या खेपेस दोन्ही पावले खांबातून पूर्ण बाहेर आली होती आणि पुढच्याची बोटे तिच्या अंगठ्याच्या ठशावर चढली होती.

मी वर्ग बंद केला. गोदामाची किल्ली मालकाला देऊन टाकली आणि विषय संपला असे ठरवले.

धनराज भरदुपारी घरी आला. दाराशी थांबला नाही, थट्टा केली नाही. पाण्याचा पेला हातात घेऊन बसला.

"मास्तर, पोट्टी वांगे तोडता तोडता एकदम मागं वळते. हात असा खाली मारते. अन् हातावर वळ उमटते. माया डोयासमोर उमटला."

"मी काता बंद केला आहे, धनराज."

"तुमी केला. त्यानं कुठं केला? ती जेवताना बी वळते, झोपेत बी. म्हनते, बाबा, एक डाव जरी नाई अडवला, त तो आत येते." त्याने पेला खाली ठेवला. "काहून येऊन राह्यला तो? कोन हाय? सांगा नं. तुमाले त सगळ्याचं उत्तर येते."

 मला एवढेच सुचले, की जे इतकी वर्षे अर्धे ठेवले, ते पूर्ण करावे.

धनराजच्या मळ्यात टोमॅटो उपटून मोकळा केलेला एक तुकडा होता. नांगरून, पाणी देऊन वाफशावर आलेली, ओलसर मऊ माती. आसपास खांब नाही, झाड नाही. सकाळी ऊन चांगले वर आल्यावर आम्ही तेथे गेलो. सुचिताचा डावा हात सुजून कोपरापर्यंत काळा पडला होता. गाळलेले पाऊल मी तिला तोंडी समजावले. ते करून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

"वळल्यावर थांबू नकोस. पुढे जा आणि मार."

"तो लय जवळ हाय, सर," ती म्हणाली. "पाऊल टाकाले जागा तरी भेटन काय?"

तिने सुरुवात केली.

धनराज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. शेजारच्या शेतातली मोटर चालू होती. पहिल्या हालचाली मी नेहमी पाहतो तशाच झाल्या.

ती डाव्या अंगाने वळली. अडवले.

हाडावर हाड आपटल्याचा आवाज आला. 

तिने पाऊल टाकले.

ठोसा पूर्ण सुटला नाही. हात कोपरात वाकलेला असतानाच मूठ अधांतरी थांबली, भिंतीला टेकावी तशी. तिची मागची टाच मातीत रुतत चालली. तिच्या तोंडून श्वास येत नव्हता.

मग हात एकदम सरळ झाला.

तिच्यासमोरची मऊ माती दबली. दोन गुडघे टेकावेत एवढी.

उरलेला काता तिने संथपणे पुरा केला. इतका निर्दोष काता मी आजवर पाहिलेला नाही. आरंभाच्या जागी येऊन तिने पाय जुळवले आणि कमरेतून वाकून प्रणाम केला. मीही वाकलो. या प्रणामात धाकट्याने थोरल्याच्या आधी मान उचलायची नसते, म्हणून मी लवकर ताठ झालो.

"झालं नं, मास्तर?" धनराज रडत होता, हसतही होता. "गेला नं तो?"

सुचिता वाकलेलीच होती. मी दोन पावले पुढे गेलो आणि मला दिसले, की तिचे तोंड माझ्याकडे नव्हतेच. ते त्या दबलेल्या मातीकडे होते.

"सुचिता, पुरे. वर हो."

"कशी होऊ, सर?" मान न हलवता ती अगदी हळू बोलली. "त्यायनं अजून मान वर नाई केली."