चौथा आकडा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तिथे होतो, एवढंच सांगतो.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. दुपारचे तीन. सहा मजली इमारतीच्या तळघरातली बॉयलरची खोली.

मी आणि दाजी, म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, बॉयलर तपासतो. जाळलेल्या गॅसची किती ऊब वर घरांत पोचते आणि किती चिमणीतून फुकट जाते, त्याचा अंदाज काढून द्यायचा. मी ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा बोलतो, दाजी तो परत म्हणतात, मगच तो वहीत चढतो. दाजींचा नियम. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, पण हे नाही.

चिमणीत नळी घालायच्या आधी मीटर बाहेरच्या मोकळ्या हवेत धरायचा असतो. तिथे ऑक्सिजन एकवीस टक्के दिसला, तर मीटर ठीक. पण बाहेर कडाक्याची थंडी होती. मी आळस केला... आणि मीटर खोलीतच, बॉयलरपाशी लावला.

दाजी वही आणायला गाडीकडे गेले.

त्यांच्यामागे दार लागलं.

मीटरवर एकवीस आला. मी तो बोलणार, तेवढ्यात बॉयलरच्या मागून कुणीतरी म्हणालं...

"एकोणीस."

आवाज माझा होता.

मी वाकून पाहिलं. मागे भिंत आणि पाइप. मांजरसुद्धा मावलं नसतं.

दाराकडे धावलो. मूठ फिरेना. मोबाइलला रेंज नाही.

मग बाहेर पावलं वाजली. दाजी आले होते. माझा जीव भांड्यात पडला.

"एकोणीस," दाजी दाराबाहेरूनच म्हणाले. "लिहिलं. पुढे?"

मीटरवर एकवीसचे एकोणीस झाले.

"सतरा," मागून आवाज आला. मीटर हलला नाही.

"सतरा. पुढे?"

आता हलला. सतरा.

माझी छाती जड झाली. आकडा तो बोलत होता... पण दाजींनी परत म्हटल्यावरच हवा कमी होत होती.

"दाजी, परत म्हणू नका!" मी दारावर बुक्क्या मारल्या.

माझं काहीच बाहेर पोचत नव्हतं. त्याचंच पोचत होतं.

"पंधरा."

"पंधरा. अरे, जरा मोठ्याने बोल की. पुढे?"

बॉयलरची ज्योत विझली. घरघर थांबली. मी गुडघ्यांवर आलो. आता आपण इथेच मरणार, हे मला स्वच्छ कळलं.

मग अगदी कानाशी...

"शून्य."



दाजींनी तो आकडा परत म्हटला असता तर संपलं होतं.

"असं कसं येईल?" दाजी वैतागून म्हणाले. "थांब, मलाच बघू दे."

दार सहज उघडलं. मी त्यांच्या पायांशी कोसळलो.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, मीटर बिघडला असेल. पण मीटर ठीक आहे, मी तपासून घेतलाय. वहीत तीन आकडे आहेत. चौथ्याची जागा कोरी आहे, आणि दाजींना कोरी जागा सहन होत नाही.

काल ताईचा फोन आला. दाजी हल्ली झोपेत बोलतात म्हणे.

"काय बोलतात?"

"एकच वाक्य. 'नीट ऐकू आलं नाही, परत सांग.'"

मी तिला म्हटलं, त्यांच्या तोंडून आकडा निघायच्या आत त्यांना उठवत जा.