शंभर मीटरवरचा खांब

त्या मंगळवारी सकाळी बाबा नेहमीसारखे रस्त्याच्या टोकाच्या विजेच्या खांबाशी उभे होते. आणि मी नेहमीसारखी पडदा सारत होते, सोडत होते, पुन्हा सारत होते.

"कड्या झिजतील त्या पडद्याच्या," नवरा चहा गाळत म्हणाला.

"मग नव्या बसव. मेकॅनिक ना तू?"

"लिफ्टचा. आणि माझी एकही लिफ्ट इतक्या येरझाऱ्या घालत नाही."

मला हसू आलं... थोडंसंच.

आमची ओळखच मुळी बंद दारातून झाली. ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. वरून आवाज आला, "आत किती जण?"

"एकटीच."

"घाबरलात?"

"नाही. पुस्तक आहे जवळ."

"किती पानं राहिलीत?"

"चाळीस."

"मग घाई करत नाही मी..."

दार उघडलं तेव्हा आधी त्याचा ग्रीसने माखलेला हात दिसला, मग तो. तो हात धरावा की नाही, याचा विचार मी केला – दोन सेकंद असेल.

घरी आमचं कळलं त्या दिवशी दादाने माझा फोन फोडला आणि याच्या कामावर चार माणसं पाठवली. बाबा खुर्चीत बसून राहिले. हूं नाही की चूं नाही. आम्ही लग्न नोंदवलं, कोर्टाकडे संरक्षण मागितलं. वकीलबाई म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांची नावं घाला. एक फट ठेवली, की सगळे तिथूनच आत येतात." दादाच्या नावाखाली मी बाबांचं नाव लिहिलं. त्यांच्या गप्प बसण्याचा राग होता तो.

आदेश निघाला – शंभर मीटरच्या आत कोणी यायचं नाही. फाटकाशी हवालदारबाई बसू लागल्या. आठवडाभराने खांबाशी बाबा दिसू लागले.

त्या मंगळवारी चहा द्यायला खाली गेले, तर बाई म्हणाल्या, "काय गं, वडील मोजणीखात्यात होते का तुझे?"

"हो. का?"

"पहिल्या दिवशी टेप घेऊन आले होते. फाटकापासून मोजत गेले, खांबाशी थांबले. मला बोलावून विचारलं, 'इथे उभं राहिलेलं कायद्यात बसतं ना?'"

मी वर जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

"हाक मार त्यांना," नवरा म्हणाला.

"कशी मारू? त्यांच्याविरुद्धचा कागद माझाच आहे. उद्या वकीलबाईंकडून आधी नाव काढून घेते... मग."

"बापाचीच लेक! सगळं मोजूनमापून."

बाबांनी घड्याळ पाहिलं, पिशवी खांद्याला लावली. त्यांनी वर पाहिलं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी पडदा सोडला होता.

बुधवारी सकाळी दाढी करता करता बाबा गेले. बातमी हवालदारबाईंनी आणली. सोबत दादाचा निरोप – 'तिला म्हणावं, शंभर मीटर लांबच राहा.'

"मी येते तुझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "पण जावयाला नको नेऊस आज." स्मशानात आम्ही दोघी सगळ्यांच्या मागे, लांब उभ्या राहिलो. मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या.

परतताना मी खांबाशी थांबले. खांबावर खडूची एक बारीक रेघ होती. बाबांची. मोजलेल्या जागी ते नेहमी अशीच खूण करायचे.

मान वर केली. इथून आमची खिडकी अख्खी दिसत होती. वाळत घातलेला शर्ट, कपाटावरची माझी पुस्तकं... आणि पडद्याची हलणारी कडसुद्धा. म्हणजे माझं रोजचं ते सारणं-सोडणं बाबांनी पाहिलं होतं.

खिडकीत नवरा आला. त्याने पडदा पूर्ण बाजूला सारला आणि तसाच धरून ठेवला.

मी खडूच्या रेघेवर हात ठेवला. हवालदारबाई दोन पावलं मागे सरल्या.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "मला तुमची भीती कधीच वाटली नाही. वर या ना... चहा झालाय."