सांजतुऱ्याची नळी

हेमाताई घाडी आपल्या काचेच्या भट्टीपुढे चहा पीत बसल्या होत्या, तेव्हा सड्यावरच्या प्रयोगशाळेतून अस्लम मुकादमचा फोन आला. "ताई, सांजतुरा फुललाय. लगेच या."

सांजतुरा! खाणीनं सडा, ते अख्खं कातळपठार, खरवडून नेला त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून ते फूल कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. अस्लमनं एका वाळक्या पानातून त्याची जनुकं जुळवली, पण फुलाचा आकार ठरवणारा भाग पार कुजलेला. तो भरून काढला 'आकारबीज' यंत्रानं. त्याला आकार दाखवला की ते जनुक रचून देतं. आणि तो आकार उरला होता फक्त हेमाताईंनी खरं फूल बघून फुंकलेल्या, बक्षीस मिळालेल्या काचफुलात.

"मापं बरोबर आहेत ना?" त्यानं तेव्हा विचारलं होतं.

"तंतोतंत," त्या ठसक्यात म्हणाल्या होत्या.

जाळीघरात जांभळी फुलं डोलत होती. भोवती सात पतंग घिरट्या घालत होते, गारठवून जपलेल्या शेवटच्या कोषांतून परवा बाहेर पडलेले. ह्या फुलाशिवाय ते कशालाही तोंड लावत नाहीत. एक फुलावर बसला, सोंड आत घातली, धडपडला आणि खाली पडला.

"सोंड नळीच्या तळच्या मधापर्यंत पोचतच नाही," अस्लम म्हणाला. "असं कसं होईल?"

हेमाताईंनी वाकून फुलाची लांब नळी पाहिली. ते बक्षिसाचं काचफूल फुंकताना काच स्वतःच्या वजनानं लोंबली होती, नळी पेरभर लांबली होती. पुन्हा तापवून आखूड करता आली असती. पण लांब नळीची ऐट काय होती! त्यांनी ती तशीच ठेवली.

"माझी चूक आहे रे," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अस्लमनं खाली पडलेला पतंग अलगद उचलला. मग म्हणाला, "खरी नळी केवढी होती?"

आठवेना. अठरा वर्षं त्यांनी रोज काचेचंच फूल पाहिलं होतं. त्यांना स्वतःचीच चीड आली, रडू फुटलं.

"सोंडेवरून माप काढता येईल. पण नवं रोप फुलायला आठ महिने लागतील. हे पतंग उद्यापर्यंतही टिकणार नाहीत."

"मग ते माप दे मला," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

दुपारभर त्या भट्टीपुढून उठल्या नाहीत. शेवटी फुंकनळीच्या टोकाला एक ठेंगणं फूल तयार झालं, आणि ते बघताच त्यांना आठवलं. असंच होतं ते. बेताचं, साधं. तेवढं आपल्याला पुरलं नव्हतं.

साखरपाणी भरून काचफूल जाळीघरात ठेवलं, तोवर दोनच पतंग उरले होते. एक जवळ आला. गुळगुळीत काचेवरून घसरला. पुन्हा आला.

"अस्लम," हेमाताई हळूच म्हणाल्या, "ह्याला वास नाही रे. तरी ओळखेल ना तो?"