स्कॅनर वापरात आहे

ही घटना माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी घडली. कुणी विश्वास ठेवो न ठेवो. ती उगाच काही बोलणारी बाई नाही, आणि या विषयावर तर मुळीच नाही.

वार रविवार. भर दुपार होती, पण आभाळ इतकं गच्च दाटलेलं की खोलीत दिवा लावावा लागला. खोली म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ. आता बंद.

नवऱ्याला सगळी वस्ती फोटोदादा म्हणायची. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे राहिला त्याचा कॉम्प्युटर, जुना स्कॅनर आणि एक फोटो.

त्यांच्या मुलीचा.

पोर जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. पुन्हा मूल झालं नाही. तिचा तेवढाच एक फोटो, बापानेच काढलेला. कागद पिवळा पडत चालला होता. कडेचे डाग सरकत सरकत पोरीच्या कपाळाला टेकले होते.

बहीण नवऱ्याच्या मागे लागायची, स्कॅन करून ठेवा म्हणून. तो म्हणायचा, "मी करीन. तू हात लावू नकोस." करतो करतो म्हणता माणूसच गेला.

शेवटी ती स्वतःच कॉम्प्युटरसमोर बसली. फोनवर नणदेचा मुलगा, बारक्या. चाळिशी उलटली तरी बारक्याच. कॉम्प्युटरवर नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि स्कॅनर इतका जुना की नुसती वायर जोडून भागेना. स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, सगळं हाताने लिहून सांगावं लागत होतं.

"मामांनी हा कॉम्प्युटर असा करून ठेवलाय," बारक्या म्हणाला, "की चोराने नेला तरी परत आणून देईल."

बहीण हसली. ते त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

बारक्याने एक फाइल उघडायला लावली. तीत स्कॅनरच्या मॉडेलची ओळ होती, पण तिच्या आधी एक चिन्ह होतं. ते चिन्ह असेपर्यंत ती ओळ झोपलेली, असं त्याने समजावलं. बहिणीने चिन्ह पुसलं. फाइल साठवली. जोडलेल्या यंत्रांची यादी मागितली...

स्कॅनरचं नाव आलं.

पण स्कॅन करायला गेली तर उत्तर आलं, परवानगी नाही. स्कॅनर वापरू शकणाऱ्यांत तिचं नावच नव्हतं. बारक्या म्हणाला, फक्त तुमचं नाव घाला, मग कॉम्प्युटरमधून लॉग आउट करून पुन्हा आत या. तिला एवढा दम कुठला! फोटोदादा असल्या वेळी काय करायचा ते तिने हजारदा पाहिलं होतं. दुकानात येणारा जाणारा सगळा आपलाच, म्हणून तो सरळ सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकायचा.

तिनेही तेच केलं.

सगळ्यांना.

वायर काढून पुन्हा लावली. फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, आणि हुकूम दिला.

स्क्रीनवर उत्तर आलं... स्कॅनर वापरात आहे.

घरात दुसरं कुणी नव्हतं.

बारक्याला वाटलं, कुठला तरी प्रोग्राम अडकला असेल. कोण वापरतंय ते विचारायचा हुकूम त्याने सांगितला. तिने तो टाइप केला आणि आलेलं उत्तर मनातच वाचलं.

"मामी? काय आलंय?"

"फोटोदादा."

कॉम्प्युटरवरचं त्याचं नाव हेच होतं. पण त्या नावाने त्या दिवशी कुणी आत शिरलं नव्हतं. कॉम्प्युटर तर जेवण झाल्यावर तिनेच चालू केला होता.



मग बारक्याने एक हुकूम सांगितला. त्या शब्दाचा अर्थ काय, असं तिने विचारलं. तो अडखळला. म्हणाला, "जे चालू आहे ते मारून टाकायचं. आमच्यात तसंच म्हणतात."

"मी नाही मारणार," बहीण म्हणाली.

तेवढ्यात झाकणाखाली उजेड पेटला.

घर्रर्र... घर्रर्र...

उजेड मुंगीच्या पावलांनी सरकत होता. बारीकसारीक तपशील हवे असले की फोटोदादा असाच स्कॅन करायचा. तोवर चहा ठेव, म्हणायचा.

तिने चहा ठेवला नाही. जागची हलली नाही.

स्क्रीनवर चित्र वरून एकेक ओळ उतरू लागलं. आधी टोपडं. मग कपाळ... स्वच्छ. एकही डाग नाही.

मग भुवया.

मग डोळे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फोटोतल्या पोरीचे डोळे मिटलेले होते. तिने ते कधी उघडलेच नव्हते. फोटो काढला तेव्हा ती गेलेली होती.

स्क्रीनवरचे डोळे उघडे होते.

उजेड विझला. चित्र आपोआप बंद झालं. बहिणीने झाकण उचललं. काचेवर कागद होता, दोन्ही बाजूंनी पांढरा. नुसता कोरा.

चित्राची फाइल कॉम्प्युटरवर होती, पण फोटोदादाच्या नावावर. ती उघडायला गेली तर तेच उत्तर, परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी बारक्या धावत आला. कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड त्याच्याकडे होता. त्या पासवर्डपुढे कुठलीच फाइल नाही म्हणत नाही, असं तो सांगत होता. संध्याकाळपर्यंत बसला. मग चपला घालून निघून गेला. आता त्या कॉम्प्युटरचं नाव काढलं की तो विषय बदलतो.

मी बहिणीची समजूत घालायला गेले. म्हटलं, अगं, त्याने पोरीला नीट ठेवलंय, असं समज. तिने मान हलवली. मग आपणहूनच म्हणाली, "ताई, डोळे बापावर गेलेत."

मी तिचा हात धरला.

"पण पोर माझ्याकडे बघत नव्हती गं. माझ्या खांद्यावरून... मागे बघत होती."

"मग तू वळून पाहिलंस?"

तिने हात सोडवून घेतला. स्टुडिओचं दार ओढून घेतलं, आणि मला म्हणाली, जरा हळू बोल.