जुन्याच जागी उठलेला चट्टा

दार बडवल्याचा आवाज फौजदारबाईंना जिन्यातच ऐकू आला.

"आत कोण आहे?"

"माझी बायको," मुलगा म्हणाला. "आईच्या जेवणात विष कालवलंय तिनं. पळू नये म्हणून कोंडलं."

"मोठे न्यायाधीशच की! आधी दार उघडा."

घामानं निथळलेली सून बाहेर आली. "इथून सुटले, आता तुरुंगात का? बाई, मी काहीच केलं नाही हो!" तिच्यामागे खोलीत दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. रविवारी दोघं वेगळं बिऱ्हाड करणार होती.

सासू खाटेवर कण्हत होती. मनगटावर लालभडक गोल चट्टा, त्यावर फोड. कडेनं मात्र एक जुना तपकिरी डाग डोकावत होता.

"आजी, असं आधी कधी झालं होतं?"

"जन्मात नाही. हिच्या हातचं जेवले आणि अंगाची आग झाली."

"तेच सगळे जेवलात?"

"हो," मुलगा म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आई नकोच म्हणाली."

"पोलीस चालतात, डॉक्टर नाही?"

फौजदारबाईंनी घरच्या डॉक्टरांना फोन केला. मग खालच्या औषधाच्या दुकानातून एक गोळी आणून त्यांनी सासूपुढे धरली. "डॉक्टरांशी बोलले मी. ही घ्या."

"ही गोळी नको! हिनंच तर..." सासूनं जीभ चावली.

फौजदारबाईंनी गोळी खिशात टाकली आणि त्या मुलाकडे वळल्या. "मी देणारही नव्हते. लघवीच्या जळजळीवर डॉक्टरांनी आजींना हेच अँटिबायोटिक दिलं होतं. सून तेव्हा या घरात नव्हती, तुम्ही नोकरीसाठी परगावी. तेव्हाही इथेच चट्टा उठला. काहींना अशा औषधाची रिअॅक्शन दर वेळी त्याच जागी येते, मागे डाग राहतो. पुन्हा घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उरलेल्या गोळ्या आपण कोणी फेकतो का? आजींनीही जपून ठेवल्या आणि आज त्यातलीच एक मुद्दाम घेतली. डॉक्टर आले असते तर बघताक्षणी बिंग फुटलं असतं."

"आई, का गं?"

"या चार भिंतींत एकटीनं मरायचं का मी?" सासूला रडू फुटलं. "ही गेली की तू राहशील, वाटलं."

सुनेनं आपली बॅग उचलली.

"थांब, मीही येतो," नवरा म्हणाला.

"नको. मी आतून हाका मारत होते, तेव्हा दाराबाहेर तुम्हीच उभे होतात."

ती जिना उतरू लागली. तो मागे धावणार होता, पण आईनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.