वकील शेजारी बसल्यावर

"पेन खाली ठेव आधी!"

दारातूनच आलेल्या त्या आवाजानं पोलीस चौकीतले तिघंही दचकले: टेबलामागचे साहेब, समोर बसलेला पोरगा आणि त्याची मोठी बहीण. पोरगा घरोघरी पार्सलं पोचवायचा. एका घरातून मोबाइल गेला आणि संशय याच्यावर आला. कबुलीवर सही केली की लवकर सुटका, असं कुणीतरी सांगितलं. बहिणीनंच त्याला "करून टाक रे एकदाची" म्हटलं होतं. बिचारी शिलाईकाम करायची, कायद्यातलं तिला काय कळणार!

आलेला माणूस घामाघूम होता आणि त्याच्या कोटाची बाही खांद्याशी उसवली होती.

"मी वकील. सरकारनं मोफत दिलेला. वकील शेजारी बसल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. हक्क आहे तुमचा."

"फुकटातले वकील असे... फाटकेच मिळतात का?" तिच्या तोंडून निसटलं.

"धावत आलो, बाई. सही झाल्यावर येऊन काय उपयोग?"

सही झाली नाही. भाऊ संध्याकाळी घरी आला, केस मात्र लांबली. वकील माहिती विचारायला बहिणीच्या शिलाईच्या दुकानात येऊ लागला. बोलायचा भावाशी, बघायचा भलतीकडेच.

"चहा टाकू?"

"केस संपेपर्यंत तुमच्याकडचं काही घेणार नाही."

"निदान बाही तरी शिवून देते—"

"तीही नको."

"मग नजर तरी कागदावर ठेवा!"

तो कानापर्यंत लाल झाला. तिला तो आवडला होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. भाऊ केसमधून सुटावा म्हणून ती देवाला हात जोडायची, आणि सुटला की याचं येणं बंद होईल म्हणून केस जरा लांबावी असंही तिला वाटायचं.

शेवटी मोबाइल मालकाच्याच सोफ्याच्या फटीत सापडला. केस मिटली.

दुसऱ्या दिवशी वकील आला, त्यानं कोट उतरवून मशीनवर ठेवला. "शिवा आता. आणि चहा... दोन चमचे साखर."

चहा झाला. ती बाही शिवत बसली. टेबलापलीकडून तो घसा खाकरत म्हणाला, "एक विचारू? मी तुम्हाला... म्हणजे... आवडतो का?"

मशीन थांबलं.

"वकील शेजारी बसल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "हक्क आहे माझा."

तो स्टूल उचलून टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी बसला.

"बसलो. आता?"

तिनं दातांनी दोरा तोडला.

"आता... हो."